सापडतं पुष्कळ, पण मुलाच्या हाती काय लागतं?

आजच्या विषयाचं नाव पत्रिकेत जरा लांबलचक छापलंय: 'शालेय विज्ञान व गणित शिकवण्यासाठी इंटरनेटवरील साधनांचा शोध'. ते वाचून काही जण वही-पेन काढून बसलेत, मला दिसतंय इथून. त्यांची आधीच माफी मागतो. मी आज यादी देणार नाही.

यादी मी पुष्कळ वर्षं दिली. शिक्षकांच्या प्रशिक्षणात शेवटच्या तासाला कोणीतरी हात वर करायचंच, "सर, चांगल्या वेबसाइटची नावं सांगा." मी फळा भरून टाकायचो, लोक फोटो काढायचे, मलाही बरं वाटायचं. एकदा त्यातल्याच एक बाई दोन वर्षांनी भेटल्या. विचारलं, त्या यादीचं काय केलंत? त्या म्हणाल्या, "सर, फोटो आहे अजून मोबाइलमध्ये. उघडून बघितलं होतं एक-दोनदा. पण मला उद्या अपूर्णांक घ्यायचाय आणि तिथं शंभर व्हिडिओ आहेत. त्यातला कुठला घेऊ?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण त्या शंभरातले मीही पाहिले नव्हते. मी फक्त पत्ते वाटत होतो.

बघा, कादंबरी आली की परीक्षण येतं. नाटकाचा पहिला प्रयोग झाला की दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी त्याची चिरफाड करतं. पण एखादी 'विद्युतधारा' नावाची चित्रफीत हजारो मुलं पाहतात, तिच्याबद्दल चार ओळी कोणी लिहीत नाही. खाली फक्त अंगठे असतात, वर किंवा खाली. साधनं भरपूर झाली, त्यांची समीक्षा मात्र झालीच नाही. म्हणून आज मी दोन साधनं आणि एक अडचण घेऊन तुमच्यासमोर थोडी समीक्षा करणार आहे. चुकलं तर शेवटी भांडा.

सुरुवात बल्बपासून करू. सातवी-आठवीच्या वर्गात एक प्रश्न विचारून पाहा. एक सेल, एक छोटा टॉर्चचा बल्ब, दोन तारा. बल्बमध्ये जाणारी विद्युतधारा आणि बल्बमधून बाहेर येणारी विद्युतधारा, यात जास्त कुठली? बरीच मुलं सांगतात, आत जाणारी जास्त. का? "बल्बने वापरली ना थोडी!" मुलाचं काही चुकत नाही हो. घरी विजेचं बिल येतं, आई म्हणते, "एवढी वीज वापरता!" वापरलेली वस्तू कमी होते, हा त्याचा रोजचा अनुभव आहे. वापरली जाते ती ऊर्जा, धारा तेवढीच राहते, हे त्याला कोणी दाखवलेलं नसतं.

आता हाच धडा इंटरनेटवर शोधा. 'विद्युतधारा' असं टाकलंत की काय येतं? व्याख्या वाचून दाखवणारा आवाज, बाजूला हलणारं चित्र, आणि पुष्कळदा तर सरळ स्वाध्यायाची तयार उत्तरं. व्याख्या बरोबर असते, उत्तरं बरोबर असतात, आणि मुलाच्या डोक्यातली ती 'वापरली गेलेली' धारा जागची हलत नाही. परीक्षेत तो व्याख्या लिहितो, मार्क पडतात. घरी जाऊन त्याला विचारा, तो पुन्हा तेच सांगेल.

याच विषयावर पहिलं साधन घेतो, 'फेट'. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात, बोल्डरला, २००२ साली कार्ल वायमन यांनी हा प्रकल्प सुरू केला. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. स्क्रीनवर सेल, तारा, बल्ब ओढून आणायचे आणि परिपथ जोडायचा. फुकट आहे, बरीचशी सिम्युलेशन्स मराठीतही आहेत, आणि फाइल एकदा उतरवून घेतली की नेट नसलं तरी चालते. यात मुलाला कोणी भाषण देत नाही, हा त्याचा मोठा गुण. इलेक्ट्रॉन ठिपक्यांसारखे सरकताना दिसतात. बल्बच्या आधी अ‍ॅमीटर लावा, नंतर लावा, आकडा तोच. मुलगा स्वतः लावतो, स्वतः चकित होतो. "सर, मीटर बिघडलाय." हे वाक्य ऐकू आलं की समजायचं, शिकणं सुरू झालं.

इथे कोणी म्हणेल, मग खरा सेल, खरा बल्ब कशाला नको? स्क्रीन कशाला? मीही असाच कडवा होतो. पण एक गंमत सांगतो. बाजारातून दोन सारखे बल्ब आणा आणि एकामागे एक, म्हणजे एकसरीत जोडा. पुष्कळदा एक जास्त उजळतो, दुसरा मंद. कारण एकाच खोक्यातले बल्बसुद्धा तंतोतंत सारखे नसतात. मूल काय म्हणेल? "बघा, पहिल्याने धारा खाल्ली, दुसऱ्याला कमी मिळाली." खऱ्या प्रयोगाने चुकीची कल्पना पक्की केली! तिथं सिम्युलेशन कामाला येतं, कारण तिथले बल्ब खरोखर सारखे असतात. आणि मग खऱ्याकडे परत यायचं आणि सांगायचं, आता बल्बांच्या जागा बदला. मंद होता तो पहिल्या जागी आला तरी मंदच राहतो. वाद मिटला, आणि मिटवला तो मुलांनी.

आता दोषही सांगतो. फेटमधला सेल उतरत नाही. तार कधी सैल बसत नाही, टोकाला गंज नसतो. आपल्या वर्गात निम्मा वेळ 'का पेटत नाही' हे शोधण्यातच जातो, आणि तो वेळ वाया गेला असं मी मानत नाही. परिपथ पूर्ण असावा लागतो हे मुलांना त्या सैल तारेनेच शिकवलेलं असतं. शिवाय तिथं शिक्षकांसाठी ठेवलेले पाठ बहुतेक इंग्रजीत आहेत. साधन मराठीत आलं, साधन वापरायची बुद्धी मराठीत यायची राहिलीय. ते काम कोलोरॅडोतल्या माणसाचं नाही, आपलं आहे.

दुसरं साधन, अरविंद गुप्ता यांची खेळणी. १९७२ला सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमातून जी माणसं घडली, त्यातले ते एक. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या यांतून आकार जोडायची त्यांची कल्पना तिथलीच. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं काम केलं. त्यांच्या संकेतस्थळावर पुस्तकं आणि छोट्या चित्रफितींचा खजिना आहे, मराठीतही भरपूर. सामान काय लागतं, तर घरातला कचरा. त्यामुळे 'आमच्या शाळेत प्रयोगशाळा नाही' ही सबब तिथं चालत नाही.

त्यातली मोटार बहुतेकांना माहीत असेल. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक लोहचुंबक आणि इनॅमलच्या तारेचं वेटोळं. मिनिटाभराच्या चित्रफितीत मोटार गरागरा फिरते आणि वर्ग टाळ्या वाजवतो. मला भीती वाटते ती त्या टाळ्यांचीच. त्यात एक बारीक सूचना असते, तारेच्या एका टोकावरचं इनॅमल सगळीकडून खरवडायचं नाही, एक बाजू तशीच ठेवायची. का? चित्रफीत कृती दाखवते, कारणाचं काम शिक्षकावर सोडते. शिक्षकाने ते केलं नाही तर मोटार फिरली आणि तास संपला, एवढंच होतं. त्याऐवजी मुद्दाम दोन्ही टोकं पूर्ण खरवडून पाहा. वेटोळं बहुधा जागच्या जागी थरथरत झुलतं, कारण अर्ध्या फेरीनंतर त्यावरचा जोर उलट्या दिशेने लागतो. एक बाजू राखली की नेमक्या त्या अर्ध्या फेरीत धारा बंद होते आणि वेटोळं आपल्याच वेगाने पुढे जातं. न फिरणारी मोटार हा खरा धडा आहे. हा माझा आक्षेप खेळण्यावर नाहीये, आपण ते जादूसारखं दाखवतो त्यावर आहे.

आता गणित. इथे मी साधनाऐवजी एक अडचण घेतो, जिच्यावर तयार साधन जवळजवळ सापडतच नाही. दुसरीच्या वर्गात अंकलेखन घ्या. म्हणा, 'एकोणसाठ'. कोणी ६१ लिहील, कोणी ६९. मुलाने 'एक' ऐकलं, 'साठ' ऐकलं. त्याचा हिशेब कानाला धरून बरोबर आहे. 'तेवीस' म्हणताना तीन आधी येतो, लिहिताना दोन आधी. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत सगळे 'एकोण', आणि नव्याण्णवला मात्र वेगळंच. इंग्रजीत वीसच्या पुढे उच्चार आणि अंक एकाच क्रमाने जातात, त्यामुळे इंग्रजीतून भाषांतर होऊन आलेल्या खेळाला ही अडचण ठाऊकच नसते. दशकांच्या दांड्या आणि सुटे ठोकळे तो सुंदर दाखवतो, पण मुलाच्या कानात जे उलटं चाललंय त्याला हात लावत नाही.

२०१९ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवतंय ना? मंगला नारळीकर यांनी त्या बदलाची बाजू जाहीरपणे मांडली. लोकांनी विनोद केले, भाषा बुडाली म्हणाले. तुम्ही कुठल्याही बाजूचे असा, पण एक मान्य करा. ती अडचण खरी होती, आणि ती मराठी वर्गात बसल्याशिवाय दिसणारी नव्हती.

तर मग शोधायचं कसं? माझा अनुभव एवढाच सांगतो. धड्याचं नाव टाकून शोधू नका, मुलाची चूक हातात धरून शोधा. 'अपूर्णांक' टाकलंत की शंभर व्हिडिओ येतील. पण तुमच्या वर्गातलं मूल १/४ हा १/३ पेक्षा मोठा म्हणतंय, कारण चार तिनापेक्षा मोठे, हे आधी वहीत लिहा. आता त्या शंभरातला प्रत्येक व्हिडिओ एकाच प्रश्नाने तपासा: ही चूक करणारं मूल यात कुठे अडखळेल? कुठेच अडखळणार नसेल तर सोडून द्या, चित्रं कितीही गोड असोत. दुसरं, पहिल्या दोन मिनिटांत मुलाने काय करायचंय ते पाहा. नुसतं बघायचंच असेल तर सावध व्हा. आणि तिसरं, ते बंद केल्यावर वर्गात कागद, काड्या, चिंचोके घेऊन पुढे काय करता येईल? काहीच नसेल तर ती करमणूक झाली.

मला माहीत आहे, तुम्ही म्हणाल, सर, वेळ कुठाय? अभ्यासक्रम, माहित्या भरणं, सर्वेक्षणं. खरं आहे, आणि याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. म्हणूनच शंभर पाहू नका म्हणतो. वर्षभरात चार चुका निवडा आणि प्रत्येकीसाठी एक साधन नीट पारखा. आणि कृपा करून त्यावर अर्धं पान मराठीत लिहा: कुठे चाललं, कुठे फसलं, मूल काय म्हणालं. शेजारच्या शाळेतल्या बाईंना माझ्या यादीपेक्षा ते अर्धं पान जास्त उपयोगी पडेल.

त्या बाईंना मी तेव्हा उत्तर देऊ शकलो नव्हतो. आज भेटल्या तर उलट विचारेन, "बाई, तुमच्या वर्गातली मुलं अपूर्णांकात नेमकी कुठे चुकतात?" शोध तिथून सुरू होतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.