दहाव्या दिवसाची मोटार

इंग्लंडात स्थायिक झालेल्या माझ्या एका स्नेह्यांचे पत्र गेल्या पावसाळ्यात आले. आजकालच्या रीतीप्रमाणे ते संगणकाच्या पडद्यावरच उमटले, पण लिहिण्याची धाटणी मात्र अस्सल पत्राची होती. चार वर्षांपूर्वी, नोकरीतून मोकळे झाल्यावर, त्यांनी एक जुनी लाल माझ्दा विकत घेतली. दोन आसनांची आणि टप मागे दुमडणारी ही छोटी स्पोर्ट्स कार तिकडे एमएक्स-५ या नावाने ओळखली जाते. पहिल्या दसऱ्याला त्यांनी तिला झेंडूची माळ घातली आणि तिचे छायाचित्र आम्हां सर्वांना धाडले. आता लिहीत होते: “गेल्या वर्षी दसरा कधी येऊन गेला ते कळलेही नाही. गाडी खोळीखाली उभी आहे. तुम्ही समीक्षक मंडळी रसाबिसाच्या गोष्टी सांगता. आमचा रस कोठे आटला, हे सांगणारे एखादे पुस्तक असले तर कळवा. नाहीतर दिवाळीपर्यंत गाडी विकून टाकीन.”

प्रश्न थट्टेचा वाटला तरी तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. ‘नव्याचे नऊ दिवस’ असे आपण सहज म्हणतो. दहाव्या दिवशी काय होते, हे म्हण सांगत नाही, आणि वाङ्मयही सांगत नाही असे मला दिसून आले. कपाटातली जी जी पुस्तके आठवली ती काढून बसलो, तेव्हा लक्षात आले की मोटारीच्या वाङ्मयाला दोनच दिवस ठाऊक आहेत: पहिला आणि शेवटचा. पहिल्या दिवशी झपाटणे, शेवटच्या दिवशी अपघात. मधली वर्षे कोरी.

केनेथ ग्रॅहम यांच्या ‘द विंड इन द विलोज’ (१९०८) मधल्या बेडूकरावांचेच उदाहरण घ्या. मुलांचे पुस्तक म्हणून आपण ते मुलांच्या स्वाधीन करून मोकळे होतो; वस्तुतः मोटारीच्या वेडाची इतकी नेमकी चिकित्सा प्रौढांच्या वाङ्मयातही विरळाच. या बेडूकरावांना आधी होड्यांचा नाद, मग घोड्याच्या फिरत्या घराचा. त्या घराला रस्त्यावर एक मोटार उधळून लावते, आणि स्वारी संतापण्याऐवजी धुळीत बसून त्या दिसेनाशा झालेल्या यंत्राचा आवाज तोंडाने काढीत राहते! त्यांच्या पुढच्या गाड्या एकामागून एक चुरडतात; उंदीर हिशेब सांगतो तो सातांचा. मित्र त्यांना खोलीत कोंडतात. तेथून निसटल्यावर ते खाणावळीबाहेर उभी असलेली परक्याची गाडी पळवतात आणि वीस वर्षांची सजा ओढवून घेतात. त्या क्षणी त्यांना मालकीचीही गरज उरलेली नाही, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्यांना हवे असते ते नवेपण. आणि ते तर चोरीच्या गाडीत अधिकच असते. एकही गाडी त्यांच्याजवळ जुनी होत नाही, कारण जुनी होण्याआधीच ती संपते. ग्रॅहम हे हसत हसत दाखवतात, आणि त्या हसण्यात कीव आहे, तिरस्कार नाही.

भरताने एकोणपन्नास भाव मोजले. त्यांत ‘औत्सुक्य’ व्यभिचारी भावांत बसते आणि ‘उत्साह’ स्थायी भावांत. ही विभागणी किती मार्मिक आहे हे मला बेडूकरावांनी पटवले. त्यांच्यापाशी औत्सुक्य उदंड आहे, उत्साह नाही. स्नेह्यांना मी हे कळवले तेव्हा त्यांचे उत्तर आले, “निदान बरोबर, औषध?”

औषध मारिनेत्तीकडे मिळण्याचा संभवच नव्हता. २० फेब्रुवारी १९०९ रोजी पॅरिसच्या ‘ल फिगारो’त या इटालियन कवीने जाहीरनामा छापला आणि शर्यतीची मोटार सामोथ्रेसच्या प्राचीन विजयमूर्तीहून सुंदर असल्याचे ठासून सांगितले. वेगाच्या या स्तोत्राच्या प्रारंभीच दोन सायकलस्वारांना चुकवताना कवीची गाडी खड्ड्यात उलटते, ही गंमत त्याच्या भक्तांना फारशी बोचलेली दिसत नाही. त्याच वर्तमानपत्रात १९०७ मध्ये मार्सेल प्रूस्त यांनी आपल्या मोटारप्रवासाचे वर्णन लिहिले होते. गाडी धावते तसे दूरचे मनोरे जागा बदलतात, पुढे येतात, एकमेकांआड लपतात, एवढेच ते पाहतात. मला प्रूस्त मारिनेत्तीहून आधुनिक वाटतात. एकाला यंत्र दिसते; दुसऱ्याला यंत्रामुळे जग निराळे दिसते. यंत्राचे कौतुक सरते, जग सरत नाही. पण प्रूस्त भाड्याच्या गाडीत मागे बसलेले! चाक हाती असलेल्याला त्यांचा किती उपयोग?

चाक हाती असलेली लेखिका म्हणजे फ्रांस्वाज सागां. १९५७ च्या एप्रिलमध्ये आपली अॅस्टन मार्टिन चालवताना त्या मरता मरता वाचल्या, आणि पुढे १९८४ च्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी वेगावर एक सबंध प्रकरण लिहिले. ते सुंदर आहे, आणि पश्चात्ताप त्यात नावालाही नाही. परंतु वेग ही क्षणाची गोष्ट, आणि आमच्या स्नेह्यांचा प्रश्न वर्षांचा.

वर्षांचा विचार करणारे पुस्तक सापडले ते मोटारसायकलीवरचे, रॉबर्ट पर्सिग यांचे ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ (१९७४). १२१ प्रकाशकांनी नाकारलेले हे पुस्तक पुढे लाखांनी खपले. त्यातला एक प्रसंग माझ्या मते सबंध ग्रंथाच्या तोलाचा आहे. सहप्रवासी जॉनच्या नव्या, महागड्या बीएमडब्ल्यूचे हँडल ढिले होते. निवेदक सुचवतो की बीअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून फटीत सारावी. अॅल्युमिनियम मऊ, गंजणारे नव्हे, याहून चांगले काय? जॉनचा चेहरा उतरतो. त्याच्या राजस यंत्राला बीअरच्या डब्याचे ठिगळ! जॉनला गाडी ही प्रतिमा म्हणून हवी आहे. निवेदकाला ती नट, बोल्ट आणि घर्षण म्हणून दिसते. प्रतिमेला एकच गोष्ट होऊ शकते, ती म्हणजे विटणे. वस्तूला पुष्कळ गोष्टी होऊ शकतात, आणि प्रत्येक वेळी तिच्याशी नव्याने ओळख करून घ्यावी लागते.

मात्र पर्सिग यांच्याविषयी माझी एक तक्रार आहे. त्यांच्या हाती पाना आला की त्यांचे प्रवचन सुरू होते. ‘गुणवत्ते’च्या मागे ते इतके लागतात की मधल्या दीडदोनशे पानांत रस्ता, वारा, मागे बसलेला मुलगा, सारेच धूसर होते. गाडी नीट ठेवणे हे त्यांच्या लेखी कर्तव्य आहे. ती हाकण्यातला निखळ आनंद त्यांना जणू किंचित सवंग वाटतो. नुसत्या कर्तव्यावर दसऱ्याची माळ चढत नाही.

म्हणून मी शेवटी पुस्तके बाजूला ठेवली आणि स्नेह्यांची गाडी हीच एक कलाकृती मानून वाचायला घेतली. (वाचकांनी क्षमा करावी, समीक्षकाची खोड.) तिचा जन्मच एका टीकाकाराच्या बोलण्यातून झाला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बॉब हॉल या अमेरिकन मोटार-पत्रकाराने माझ्दाचे केनिची यामामोतो यांना सुचवले की जुन्या इंग्रजी पद्धतीच्या साध्या, उघड्या गाड्या आता कोणी करीत नाही, त्या करा. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ती अवतरली. १६०० घनसेंटिमीटरचे इंजिन, शक्ती सव्वाशे अश्वशक्तीच्याही खाली, वजन हजार किलोच्या आत. लोटस एलानचे ऋण तिच्या तोंडावळ्यावर उघड आहे. २००५ च्या तिसऱ्या पिढीत ती काहीशी बोजड झाली. २०१५ च्या चौथ्या पिढीत पुन्हा हजाराच्या आसपास आली. आपली पहिली कविता आठवून सावरणारे कवी थोडे. कारखाने तर त्याहून थोडे. २०१६ च्या एप्रिलमध्ये दहा लाखावी गाडी बाहेर पडली.

तिच्या कर्त्यांनी ‘जिन्बा इत्ताई’ हे सूत्र धरले. घोड्यावरून बाण सोडणाऱ्या जपानी तिरंदाजाचा हा शब्द. स्वार आणि घोडा यांचा एकच देह. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तीन तत्त्वे सांगितली, ती या गाडीला लावून पाहावीत. वळणावर हात आणि चाके यांचा संवाद. क्लच, गिअर आणि वाढता आवाज यांचा विरोध. आणि वळण संपताना सापडणारा समतोल. ही लय साधायला कमी शक्तीचे इंजिनच उपकारक ठरते. पाचशे अश्वशक्तीची गाडी गावच्या रस्त्यावर आपल्या सामर्थ्याचा लहानसा अंशच दाखवू शकते. उरलेले मालकाला ऐकीव राहते. ही छोटी गाडी साठाच्या वेगातही सगळी वापरता येते, आणि वाईट चालवली तर लगेच कळते. दहाव्या वर्षीही वळण चुकते. स्थायी उत्साहाला एवढे पुरे असावे.

मूळचे हंगेरीचे अर्थशास्त्रज्ञ टिबोर सितोव्स्की यांनी १९७६ च्या ‘द जॉयलेस इकॉनॉमी’त सुख आणि सोय यांत भेद केला. सोय म्हणजे उणिवेची बोचणी नसणे. सुख त्या बोचणीच्या कमीजास्त होण्यात. संपूर्ण सोयीत सुखाला जागाच उरत नाही. उत्पादकांना हे अर्धेच कळते. ते गाडी दरसाल अधिक सोयीची करतात आणि उडालेला आनंद ‘खास आवृत्ती’ काढून, रंग बदलून पुन्हा विकतात. हा बेडूकरावांचाच धंदा, फक्त काउंटरच्या पलीकडून. त्यातल्या त्यात माझ्दाने २०१७ मध्ये जपानात पहिल्या पिढीच्या जुन्या गाड्या दुरुस्त करून देण्याची आणि तिचे बंद झालेले काही भाग पुन्हा बनवण्याची योजना जाहीर केली, याबद्दल तिला गुण द्यायला हवेत.

हे सारे मी स्नेह्यांना लिहिले आणि शेवटी विचारले की खोळ काढून पाहिलीत का? दोन आठवडे उत्तर नाही. मग आले ते सविस्तर. आत कुबट वास होता, आसनामागचा गालिचा ओला. टपावरचे पाणी वाहून नेणाऱ्या दोन नळ्या आसनांच्या मागून खाली उतरतात. त्या पाल्याने तुंबल्या होत्या. अशा वेळी पाणी दारांखालच्या पोकळ पट्टीत शिरते आणि गाडी आतून गंजते, हे त्यांना चार वर्षांत कोणी सांगितले नव्हते. त्यांनी लवचीक तार घातली, कोमट पाणी सोडले. उजवी नळी लगेच मोकळी झाली, डावीने दुपारपर्यंत झुंजवले. अखेर काळा चिखल बाहेर पडला, तेव्हा पत्नीला हाक मारून तो दाखवला.

पट्टीवर गंजाचा एक डाग आहे, रुपयाएवढा. तो खरवडायला कोणती कानस घ्यावी, असे त्यांनी मला, मला विचारले आहे!