विम्याचा चेक : दोन अमेरिकन नाटकांविषयी

आर्थर मिलर यांच्या 'डेथ ऑफ अ सेल्समन'वर लिहावयास बसले की 'अमेरिकन स्वप्नाची शोकांतिका' हे शब्द समीक्षकाच्या लेखणीतून आपोआप उतरतात. शब्द चुकीचे नाहीत. परंतु त्यांच्या आड नाटकातील हिशेबाची वही दिसेनाशी होते, आणि आमच्या मते ती वही हाच या नाटकाचा कणा आहे. लिंडा पहिल्या अंकात नवऱ्याच्या कमाईतून धुलाईयंत्राचा हप्ता, व्हॅक्यूम क्लीनरचा हप्ता, छपराच्या दुरुस्तीचे पैसे आणि फ्रीजचे सोळा डॉलर वजा करीत जाते. विलीने फुगवून सांगितलेला विक्रीचा आकडा तिच्या बेरीज-वजाबाकीपुढे पाहता पाहता खाली येतो. विलीचा सारा स्वभाव या एका प्रसंगात उलगडतो, तोही कोणत्याही भाषणाविना.

हे नाटक १० फेब्रुवारी १९४९ रोजी न्यूयॉर्कच्या मोरोस्को थिएटरमध्ये, इलिया कझान यांच्या दिग्दर्शनाखाली प्रथम सादर झाले. युद्धातून अमेरिका जगातील सर्वांत धनाढ्य राष्ट्र म्हणून बाहेर पडली होती. १९४४च्या 'जी. आय. बिला'मुळे लक्षावधी माजी सैनिक महाविद्यालयांत शिकत होते आणि सरकारी हमीच्या कर्जावर घरे घेत होते. लाँग आयलंडवरील लेव्हिटटाउनची उभारणी १९४७ साली सुरू झाली होती. तेथे पुढे सतरा हजारांहून अधिक घरे झाली. स्वतःच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण १९४० साली सुमारे ४४ टक्के होते, ते १९६० पर्यंत ६२ टक्क्यांवर गेले. अशा भरतीच्या काळात मिलर यांनी बुडणारा माणूस रंगमंचावर का आणावा? विली हा मंदीच्या काळातला माणूस, त्याचा नव्या सुबत्तेशी संबंध नाही, असा आक्षेप यावर घेता येईल. लिंडाचा तो हिशेब १९२८ सालच्या आठवणीतला आहे, हेही खरे.

तरीही हा आक्षेप आम्हांस पटत नाही. त्याचे कारण नाटकाच्या बाहेर, वॉशिंग्टनच्या कारभारात सापडते. युद्धोत्तर सुबत्ता अमेरिकेत सर्वांच्या वाट्याला सारख्याच दाराने आली नाही. ट्रुमन यांनी १९४५ साली मांडलेली राष्ट्रीय आरोग्यविम्याची योजना डॉक्टरांच्या संघटनेच्या विरोधापुढे टिकली नाही. १९४७ साली त्यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने टाफ्ट-हार्टली कायदा केला आणि कामगार संघटनांचे हात बांधले. मोठ्या संघटनांनी मग मालकांशी थेट करार करून निवृत्तिवेतन आणि आरोग्यविमा मिळविला. जनरल मोटर्सचा १९५० सालचा करार हे त्याचे ठळक उदाहरण. म्हणजे सुरक्षितता मिळाली ती नागरिक म्हणून नव्हे, तर अमुक कारखान्याचा कामगार म्हणून. ज्याच्यामागे संघटना नाही अशा फिरत्या विक्रेत्याने जावे कोठे? जून १९४८ मध्ये काँग्रेसने, पुन्हा ट्रुमन यांचा नकाराधिकार डावलून, सामाजिक सुरक्षा कायद्यातील 'नोकर' या शब्दाची व्याख्या आखडती ठेवली. कमिशनवर जगणारे कित्येक विक्रेते त्यामुळे कायद्याच्या छत्राबाहेर राहिले. फिरत्या विक्रेत्यांना त्यात पुन्हा जागा मिळाली ती १९५० साली. मिलरचे नाटक या दोन तारखांच्या मधले आहे. पेढीने पाच आठवड्यांपूर्वी पगार बंद करून नुसत्या कमिशनवर आणलेला त्रेसष्ट वर्षांचा विली हा तेव्हा भूतकाळातला माणूस नव्हता.

या माणसाजवळ विकण्याजोगी एकच वस्तू उरते : वीस हजार डॉलरची विम्याची पॉलिसी. घराचा शेवटचा हप्ता फिटतो आणि त्याच सुमारास घराचा मालक जातो. विमा कंपनीने पैसे दिले की नाही, हे मिलर सांगत नाहीत. आम्हांस हे मौन नाटकातील सर्वांत धाडसी गोष्ट वाटते. (त्या मानाने बोस्टनच्या हॉटेलातील बाईचे रहस्य बेतलेले वाटते, बिफच्या घसरणीला एवढ्या सोप्या किल्लीची गरज नव्हती.)

नाटकाची नस चित्रपट कंपनीने मात्र अचूक ओळखली होती. १९५१च्या चित्रपटासोबत दाखविण्यासाठी कोलंबियाने विक्रेत्याचा व्यवसाय किती चांगला आहे हे सांगणारा एक लघुपट करविला. मिलर यांनी त्याला विरोध केल्याचे त्यांच्या आत्मचरित्रात आहे. पुढे १९५२ साली कझान यांनी प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीपुढे जुन्या सहकाऱ्यांची नावे घेतली. १९५६ साली मिलर यांनी ती घेण्यास नकार दिला, १९५७ मध्ये ते अवमानाबद्दल दोषी ठरले आणि १९५८ मध्ये अपिलात सुटले.

मिलर यांनी जो चेक रंगमंचावर आणलाच नाही, त्याच जातीच्या चेकची वाट पाहत लोरेन हॅन्सबेरी यांचे 'अ रेझिन इन द सन' सुरू होते. ११ मार्च १९५९ रोजी ब्रॉडवेवर आलेले हे नाटक तेथे सादर झालेले कृष्णवर्णीय लेखिकेचे पहिले नाटक. शिकागोच्या साउथ साइडवरील यंगर कुटुंबातील बाप कष्टाने झिजून मेला आहे आणि त्याच्या जिवाचे दहा हजार डॉलर येणार आहेत. म्हातारी त्यांतले साडेतीन हजार क्लायबॉर्न पार्क या गोऱ्यांच्या वस्तीतील घरासाठी अनामत देते. तेथेच का, तर कृष्णवर्णीयांसाठी बांधलेल्या घरांची किंमत दुप्पट. या एका साध्या उत्तरात केंद्रीय गृहकर्ज-विमा संस्थेचे सारे धोरण दडलेले आहे. १९३४ पासून ही संस्था कर्जाची हमी देई, परंतु मिश्र वस्ती तिला जोखमीची वाटे. वंशबंदीच्या करारांची न्यायालयातून अंमलबजावणी करणे सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली घटनाबाह्य ठरविले. व्यवहार मात्र फारसा बदलला नाही. लिंडनर नावाचा वस्तीचा प्रतिनिधी म्हणूनच धमकी देत नाही, तर अतिशय सौजन्याने घर परत विकत घेण्याची तयारी दाखवितो.

विली कर्जाच्या दारातून आत शिरला आणि तेथेच गुदमरला. यंगरांना ते दारच बंद होते. दोन्ही नाटके शेजारी ठेवली की मिलर यांच्या विलीला जे मिळाले ते किती होते, हेही दिसू लागते, आणि 'सामान्य माणूस' हे त्याला लावले जाणारे विशेषण तितकेसे सामान्य राहत नाही. कलादृष्ट्या हॅन्सबेरी यांचा तिसरा अंक आम्हांस कमी पडतो. साडेसहा हजार डॉलर मित्राच्या हाती देऊन गमावलेला वॉल्टर लिंडनरपुढे एकाएकी ताठ उभा राहतो, तो प्रेक्षकांच्या टाळीसाठी. मात्र लेखिकेला पुढचे ठाऊक नव्हते असे नाही. तिच्या लहानपणी तिच्या वडिलांनी असेच घर घेतले होते, जमावाचा हल्ला सोसला होता आणि १९४० साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला नेला होता. १९५७ साली पेनसिल्व्हेनियाच्या लेव्हिटटाउनमध्ये पहिले कृष्णवर्णीय कुटुंब राहावयास आले, तेव्हा घरापुढे कित्येक रात्री जमाव जमत होता. नाटकाच्या आधीच्या एका खर्ड्यात यंगर कुटुंब नव्या घरात पोहोचते आणि हाती शस्त्रे घेऊन अंधारात बसून राहते. ब्रॉडवेवर पडदा पडला तो सामानाचा ट्रक निघण्याच्या वेळी.