एकाच वर्षातली दोन सत्तांतरं

राजवट बदलली की यादवी माजतेच असं नाही. मग कुठे माजते, कुठे नाही? उत्तर शोधायला लांब जायला नको. आपल्या निमगाव केतकीकडून नीरा ओलांडली की फलटण. भीमा ओलांडून करमाळ्याच्या पुढे गेलं की परांडा. एक निंबाळकरांचं संस्थान, दुसरा निजामाचा मुलूख. 1948 साली दोन्हीकडची सत्ता गेली. फलटण 8 मार्चला मुंबई प्रांतात शांतपणे विलीन झालं. पलीकडे रझाकारांचा धुमाकूळ, आणि 13 सप्टेंबरला भारतीय फौजा.

आपली नेहमीची मांडणी काय? फलटणचे राजे समंजस, निजाम हट्टी. ही मांडणी मला अपुरी वाटते. तोच निजाम 1950 मध्ये राजप्रमुख झाला की! माणूस तोच, त्याच्यापुढचं गणित बदललेलं. फलटणला ते आधीच जुळलं होतं: तनखा, खासगी मालमत्ता, मान. मालोजीराजे पुढे मुंबई राज्यात मंत्रीही झाले. हैदराबादेत बोलणी रेंगाळली आणि दरम्यान कासिम रझवीची सशस्त्र संघटना फोफावली. राजाला तनखा देता येतो. रझाकाराला कोण देणार? तडजोडीत त्याच्या वाट्याला काहीच नव्हतं.

कोणी म्हणेल, हैदराबाद मोठं होतं. मग बडोदा काय लहान होतं? ते 1949 मध्ये लढाईविना विलीन झालं.

आता दुसरी गोष्ट, जरा अवघड. 17 सप्टेंबरच्या भाषणांत आपली कहाणी मुक्तीपाशी थांबते. स्वामी रामानंद तीर्थांचा लढा खरा, रझाकारांचे अत्याचारही खरे. पण पुढे काय झालं? नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने कारवाईच्या काळात आणि नंतर 27 ते 40 हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला. मारले गेलेले बहुतांश मुसलमान. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद होता. काही ठिकाणी गणवेशातली माणसंही सामील होती, असं समितीने नोंदवलं. शेजाऱ्यांना वाचवणारे हिंदू होते, हेही नोंदवलं. तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आला नाही.

म्हणजे बघा, वर निजामाशी समझोता झाला, खाली गावांत हिशेब चुकते होत राहिले. जुना अंमल उठला होता, नवा बसला नव्हता. फलटणमध्ये अशी पोकळी पडली नाही.

म्हणून सत्ता कुणाकडून कुणाकडे गेली, एवढंच विचारून भागत नाही. मधल्या दिवसांत गावातल्या दुबळ्या माणसाने दाद मागायची कुणाकडे, हे विचारा. यादवी टळते की नाही, ते तिथे ठरतं.