उन-म्यंगची बाजू

पुण्यात कुणी गाव विचारलं की आधी मी 'परभणीकडचं' एवढंच सांगायचे. समोरचा फारच खोदायला लागला तर 'मानवत'. त्यावर 'अच्छा' म्हणून विषय बदलायचा. ऑक्टोबर 2024 मध्ये सोनी लिव्हवर 'मानवत मर्डर्स' आली आणि हे चित्र पालटलं. आता मानवत म्हटलं की समोरच्याचे डोळे चमकतात. "ते मर्डरवालं?"

हो, ते मर्डरवालं. 1972 ते 74 चं हत्याकांड, आशुतोष गोवारीकरांनी केलेले रमाकांत कुलकर्णी, दिग्दर्शक आशिष बेंडे. मालिका चांगली आहे, मी एका रात्रीत संपवली. तक्रार मालिकेबद्दल नाहीच. एवढंच की माझं गाव पडद्यावर आलं ते बहुतेक काळोखात. सरकीचा वास, जिनिंगपुढे लागलेल्या ट्रॅक्टरच्या रांगा, वेचणीच्या पैशावरून होणारी भांडणं, हे कुणाला दाखवावंसं वाटेल असं मलाही तोवर कधी वाटलं नव्हतं.

पाच महिन्यांनी, मार्च 2025 मध्ये, नेटफ्लिक्सवर 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स' सुरू झाली. (पुढे बरंच फोडलेलं आहे. पाहायची असेल तर इथेच थांबा आणि महिनाभराने परत या.) सोळा एपिसोड, 7 मार्चपासून चार शुक्रवार, दर शुक्रवारी चार. वसंत, उन्हाळा, शरद, हिवाळा असे भाग पाडलेले. कोरियाच्या दक्षिणेला जेजू नावाचं बेट आहे, तिथल्या एका जोडप्याची ही गोष्ट. ए-सुनचा जन्म 1951 चा. आई समुद्रात बुडी मारून शिंपले-कालवं काढणारी, एकोणतिसाव्या वर्षी मरते. ए-सुनला कवी व्हायचंय, बेट सोडायचंय. ग्वान-शिकला फक्त ए-सुन हवी आहे. ती त्याला मिळते, बेट काही सुटत नाही.

यात खून नाही. कुणी गर्भश्रीमंत वारस नाही, स्मृती जाणं नाही, बर्फात आदळलेली गाडी नाही. मी गेली सहा-सात वर्षं के-ड्रामा बघते आहे. मैत्रिणींमध्ये 'क्रॅश लँडिंग ऑन यू' वरून भांडलेले आहे आणि 'माय मिस्टर' कुणाकुणाच्या गळी उतरवलेली आहे. तरी ही मालिका सुरू झाल्यावर पहिल्यांदा वाटलं की मी कोरिया बघत नाहीये.

एक जेवणाचा प्रसंग आहे. ए-सुन सासरी आलेली. घरात दोन टेबलं मांडलेली, बुटकी, जमिनीवर बसून जेवायची. एकावर पुरुष आणि मोठी माणसं, दुसऱ्यावर बायका आणि पोरं. चांगलं ते पहिल्या टेबलावर. ग्वान-शिक मोठ्या टेबलाशी बसलाय, त्याची पाठ बायकोकडे. आणि मग तो बसल्या जागी वळतो. आजी-आईकडे पाठ, बायको-मुलीकडे तोंड. भाषण नाही, संगीताचा कल्लोळ नाही. एक माणूस फिरून बसतो, बस.

माझ्या घरी आजही आधी आप्पा आणि भाऊ जेवतात. आई तव्यापाशी. भाकरी गरम पाहिजे, हे त्यामागचं कारण म्हणून इतक्यांदा सांगितलं गेलंय की आईलाही ते खरं वाटतं. आप्पा वाईट माणूस नाहीत. ते फक्त कधी वळले नाहीत. हा प्रसंग मी चार वेळा मागे नेऊन पाहिला. पुन्हापुन्हा नजर जात होती ती वळलेल्या ग्वान-शिककडे नव्हे, सासूच्या चेहऱ्याकडे. तिच्यासाठी कधीच कुणी वळलं नव्हतं. लेखिका लिम सांग-चुन सासूला खलनायिका करू शकली असती. आपल्याकडच्या मालिकेत त्यावर दोन आठवडे निघाले असते. इथे ती क्षणभर गोंधळलेली बाई आहे आणि कॅमेरा पुढे जातो.

हे 'पुढे जाणं' मला फार महत्त्वाचं वाटतं. के-ड्रामाचं साधं गणित आहे : बारा किंवा सोळा एपिसोड, बहुतेकदा एकच लेखक, आणि शेवट कुठे आहे हे आधी ठाऊक. रोजच्या मराठी मालिकेला शेवटच नसतो, टीआरपी पडेपर्यंत ती चालते. म्हणून तिथे कुणाला बदलता येत नाही. सासू सुधारली तर उद्या काय दाखवायचं? आमच्या भाषेत सांगायचं तर तो एक्झिट कंडिशन नसलेला लूप आहे. लिहिणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

मालिकेचं कोरियन नाव वेगळंच आहे : 'पोकसाक सोगास्सुदा'. ही जेजूची बोली. अर्थ साधारण 'लई कष्ट घेतलेत तुम्ही'. गंमत अशी की प्रमाण कोरियन बोलणाऱ्या सोलच्या माणसाला ते 'पुरते फसलात' असं ऐकू येतं. म्हणजे राजधानीतल्या लोकांना कळणार नाही, उलटंच कळेल असं नाव एवढ्या मोठ्या मालिकेला दिलं. इंग्रजी सबटायटलमध्ये यातलं काही उतरत नाही, तिथे ए-सुन आणि सोलचा प्राध्यापक एकच इंग्रजी बोलतात. मी इंजिनिअरिंगला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात 'काय करायलीस' वर वर्ग हसला होता. महिन्याभरात मी 'काय करतेयस' वर आले. आता आईशी फोनवर बोलताना मधेच भाषा बदलते आणि शेजारी बसलेली सहकारी विचारते, 'गावाकडचा फोन का?' आमच्याकडे ही बोली पडद्यावर येते ती बहुधा विनोदासाठी. मकरंद अनासपुरे मला फार आवडतात, पण तोंड उघडताच लोकांनी हसायची तयारी करावी हा वारसा आम्हाला नकळत चिकटलाय. जेजूच्या बोलीत मात्र माणसं मरतात, प्रेम करतात, पोरीची शाळेची फी भरतात.

आता माझी तक्रार.

मालिकेत एक वादळ येतं आणि ए-सुनचा धाकटा, तान्हेपण नुकतंच सरलेला मुलगा जातो. तो भाग मी पुन्हा पाहू शकत नाही. पण नंतर विचार करताना जाणवलं की वादळ पडद्याला सोयीचं असतं. ते एका एपिसोडमध्ये येतं, घेऊन जातं, थांबतं. सगळे एकत्र रडू शकतात. दुष्काळाला एपिसोड नसतो. 2015 साली मी बारावी झाले तेव्हा आमच्याकडे लागोपाठ दुसरं कोरडं वर्ष चालू होतं. 2017 ला पाऊस बरा होता तर कापसात गुलाबी बोंडअळी निघाली. या सगळ्यात 'घडलं' असं काही दाखवता येणार नाही. बोंड वरून चांगलं दिसतं, उकलल्यावर कळतं. घरात कुणी हंबरडा फोडत नाही, फक्त बोलणं कमी होत जातं. जेजूमध्ये घरमालक म्हातारा-म्हातारी ए-सुनच्या रांजणात गुपचूप तांदूळ टाकतात, तिला कळू न देता. सुंदर प्रसंग. पण सगळ्या गल्लीचे रांजण एकाच वर्षी रिकामे असले की कोण कुणाच्यात टाकणार? ही मालिका वाईट काळ दाखवते, वाईट माणसं फारशी नाहीत. शेजार चांगला, नवरा चांगला, घरमालक चांगला. गरिबी माणसांना एकमेकांशी कशी वाकडं वागायला लावते, तिथे ती जायला घाबरते.

आणि दुसरी तक्रार, जी माझी नाही. ती मला दिली गेली.

ए-सुन आणि ग्वान-शिकला तीन मुलं : गुम-म्यंग, उन-म्यंग, डोंग-म्यंग. गुम म्हणजे सोनं, उन म्हणजे चांदी, डोंग म्हणजे कांस्य. बापाच्या बोटीचं नावही तिघांवरून. गुम-म्यंग हुशार, सोलच्या सर्वात नामांकित विद्यापीठात जाते. तिला जपानला शिकायला पाठवण्यासाठी आईबाप राहतं घर विकतात. आययूने तरुण ए-सुन आणि गुम-म्यंग दोघीही केल्यात, आणि गोष्ट सांगणारा आवाज गुम-म्यंगचा आहे. म्हणजे अपराधी वाटण्याचा हक्क तिला आहे. ते तिला फार छान जमतं. प्रत्येक भागात बापाबद्दल एखादं वाक्य येतं आणि आपण मोडतो.

माझ्या फीसाठी आप्पांनी विहिरीजवळचं दोन एकर विकलं. त्यामुळे मी कुठल्या वाक्यांना मोडले हे सांगायला नको.

शेवटचे चार एपिसोड 28 मार्चला आले. रविवारी पाडवा होता, म्हणून मी मानवत रोडला उतरून घरी आले होते. धाकट्या भावाने कधी के-ड्रामा पाहिलेला नाही, क्रिकेट आणि रील्स. पण रात्री माझ्या लॅपटॉपवर तोही बघत बसला. मागचं मी थोडक्यात सांगितलं. उन-म्यंग काय करतो ते विचारलं त्याने. मी म्हटलं, धड काही करत नाही, मित्राच्या नादी लागून फसतो, पोलिसांपर्यंत जातं, बापाला बोट विकावी लागते.

"म्हणजे तिच्यासाठी घर इकलं ते शिक्षण, अन् याच्यासाठी बोट इकली ते नुकसान."

मी काही बोलले नाही. तो पुढे पाहत राहिला. बापाला कर्करोग होतो, दवाखाने सुरू होतात. मी उशीत तोंड घालून रडत होते. तो कोरडा होता. संपल्यावर म्हणाला, "ताई, या पिक्चरमधी बापासंगं बेटावर कोण राहिलं ते दाखवलंच नाही नीट."

मी दुसऱ्या दिवशी काही भाग परत लावून पाहिले. तो बरोबर होता. उन-म्यंग एकदा फुटतो, तक्रार करतो की सगळं बहिणीला दिलं, मला काय. त्याचं म्हणणं खोटं ठरवलेलं नाही. कांग यू-सक हा नट तो प्रसंग चांगला करतो. पण त्यानंतर मालिका त्याला लग्न, सासऱ्याचा तिरसटपणा आणि थोड्या विनोदाकडे वळवते. सासरा सांग-गिलला सुधारायला जेवढा वेळ मिळतो, तेवढाही पोटच्या पोराला नाही. घर सोडून गेलेली मुलगी निवेदन करते, तेव्हा घरी राहिलेला भाऊ तिला दुरून दिसतो तेवढाच दिसणार. सुट्टीत भेटतो तेवढा. दिग्दर्शक किम वन-सकला 'माय मिस्टर'मध्ये तीन भावांना समान वजन देता आलं होतं, म्हणून हे जास्त खटकतं.

मे महिन्यात बेकसांग पुरस्कारांमध्ये या मालिकेला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा मान मिळाला, पटकथेचाही. मी आनंदाने ओरडले. आजही कुणी विचारलं तर हीच सुचवते, आणि जेवणाच्या प्रसंगाबद्दल बोलायला लागले तर थांबत नाही.

पाडव्याला गुढी उतरवल्यावर भाऊ आणि आप्पा शेतात गेले. राहिलेल्या तीन एकरांत. जाताना मी विचारलं, येऊ का. तो म्हणाला, "ऊन लागंल. तू काम कर." माझी त्या दिवशी सुट्टी होती.