श्रुतलेखन उलटे होते तेव्हा : वाणी-ओळख प्रणाली, दिव्यांग विद्यार्थी आणि मराठी लेखन

मराठी शाळेत 'श्रुतलेखन' या शब्दाचा अर्थ ठरलेला आहे. शिक्षक बोलतात, विद्यार्थी लिहितो आणि त्याने काय लिहिले यावरून त्याची पारख होते. उच्चारित वाक्याचे लिखित मजकुरात रूपांतर करणाऱ्या संगणकप्रणालींनी हे नाते उलटे केले आहे. येथे विद्यार्थी बोलतो आणि यंत्र लिहिते. ज्याचा हात लेखणी धरू शकत नाही, ज्याला दिसत नाही किंवा ज्याला विचार सुचतो पण अक्षरांची जुळणी साधत नाही, अशा विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा बदल निव्वळ सोयीचा नाही. शिक्षणव्यवस्थेत त्याला जागा मिळते की नाही, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे. या यंत्राला 'लेखनिक' म्हणता येईल काय आणि म्हटल्यास विद्यार्थ्याच्या मराठीचे काय होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१

बोलणारा एक आणि लिहिणारा दुसरा, ही व्यवस्था मराठी वाङ्मयाला परकी नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये सिद्ध झाली, तेव्हा सच्चिदानंदबाबा तिचे 'लेखकु' झाले. येथे 'लेखकु' म्हणजे ग्रंथकर्ता नव्हे, तर सांगितलेले उतरवून घेणारा. आज परीक्षा मंडळे ज्याला 'लेखनिक' म्हणतात, तोच अर्थ त्या जुन्या शब्दात होता. 'लेखक' या शब्दावर कर्तृत्वाचा अर्थ पुढे प्रधान झाला आणि हाताने लिहिणे व मनाने रचणे या दोन क्रिया एकच आहेत, असा समज रूढ झाला. दिव्यांग विद्यार्थ्यावर होणाऱ्या अन्यायाचे मूळ पुष्कळदा याच समजात असते. त्याला लिहिता येत नाही, म्हणजे त्याला रचता येत नाही, असे गृहीत धरले जाते.

व्यास आणि गणेश यांची कथा या संदर्भात उद्बोधक आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीने ती महाभारताच्या मूळ संहितेत घेतलेली नाही. परंतु लेखनिकाच्या कार्याविषयीची परंपरेची धारणा तिच्यातून स्पष्ट होते. गणेशाने अट घातली की लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली की अर्थ कळल्याखेरीज लिहू नये. लेखनिकाकडून वेग आणि अर्थग्रहण अशा दोन अपेक्षा आहेत. यंत्र पहिली अट सहज पाळते. दुसऱ्या अटीची जागा त्याने संभाव्यतेला दिली आहे.

हे विधान स्पष्ट केले पाहिजे. ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग ही प्रणाली १९९७ मध्ये बाजारात आली आणि शब्दाशब्दांत खंड न पाडता, स्वाभाविक गतीने बोलून इंग्रजी मजकूर उतरवणे सामान्य वापरकर्त्याला शक्य झाले. तिच्यात काय किंवा २०२२ मध्ये ओपनएआयने प्रसृत केलेल्या आणि ६,८०,००० तासांच्या ध्वनिमुद्रणावर घडवलेल्या व्हिस्परमध्ये काय, ध्वनी अस्पष्ट असेल तेथे अधिक संभाव्य शब्दक्रम निवडला जातो. ध्वनीची उणीव भाषेच्या सवयीने भरून काढण्याची ही युक्ती बहुधा उपकारक असते. परंतु विद्यार्थ्याचे वाक्य जितके त्याचे स्वतःचे, तितके ते यंत्राला अनपेक्षित. पाठ केलेले उत्तर यंत्र बिनचूक उतरवते. स्वतंत्र बुद्धीने केलेल्या मांडणीशी ते अडखळते. चांगल्या लेखनिकाकडून नेमके याच्या उलट अपेक्षित असते.

२

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य झाले आणि विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा त्यांत समावेश झाला. शिक्षणविषयक सतराव्या कलमात वाढीव वेळ, लेखनिक आणि द्वितीय व तृतीय भाषेतून सूट अशा सवलती एकत्र नमूद आहेत. यांपैकी पहिल्या दोन विद्यार्थ्याला अभिव्यक्तीचे साधन देतात. तिसरी त्याच्या मार्गातील अडथळा दूर करते, पण त्याबरोबर एक भाषाही दूर करते. तिची गरज नाकारण्याचे कारण नाही. तथापि भाषा वगळणे हाच एक उपाय असण्याचे दिवस तंत्रज्ञानामुळे सरत असतील, तर या सवलतीचा पुनर्विचार व्हावयास हवा.

विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी दिलेला निर्णय येथे महत्त्वाचा आहे. उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता; परंतु तो चाळीस टक्के दिव्यांगत्वाच्या मर्यादेत बसत नाही म्हणून त्याला लेखनिक नाकारण्यात आला होता. न्यायालयाने हा निकष अमान्य केला आणि वाजवी सोय हा समतेचाच भाग असल्याचे प्रतिपादन केले. या निर्णयानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्र शासनाने अशा परीक्षार्थींसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली. लेखनिक मिळणे हा उपकार नाही, हे तत्त्व यामुळे दृढ झाले.

यंत्र-लेखनिकाच्या वाटेत मात्र एक व्यावहारिक विसंगती उभी आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१८ च्या परीक्षांपासून विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांना संगणक वापरण्याची मुभा दिली. पण तो इंटरनेटला जोडलेला नसावा, अशी अट घातली. परीक्षेच्या शुचितेसाठी ती योग्यच आहे. अडचण अशी की मोबाइलवरील ज्या ध्वनि-टंकलेखनाची विद्यार्थ्याला वर्षभर सवय झालेली असते, ते बहुधा दूरच्या संगणकावर अवलंबून असते. ज्या साधनाने तो शिकला, ते परीक्षेच्या दारात काढून घेतले जाते. इंटरनेटविना चालणारी प्रणाली मंडळाने स्वतः तपासून परीक्षा केंद्राला पुरवावी, हा यातून निघणारा सरळ मार्ग आहे.

३

आता मराठीकडे वळू. पुण्याच्या सी-डॅकने राजभाषा विभागासाठी घडवलेली 'श्रुतलेखन-राजभाषा' ही प्रणाली हिंदीची होती आणि तिचे प्रयोजन कार्यालयीन होते. मराठी प्रदेशात घडलेले हे साधन मराठी विद्यार्थ्यासाठी नव्हते. गूगलने ध्वनि-टंकलेखनात मराठीचा समावेश २०१७ मध्ये केला. जुलै २०२२ मध्ये 'भाषिणी' या शासकीय उपक्रमाचा आरंभ झाला आणि मद्रास आयआयटीतील एआयफॉरभारत या गटाने अनुसूचित भाषांच्या ध्वनिसंग्रहाचे काम हाती घेतले. साधनांचा अभाव ही तक्रार त्यामुळे पूर्वीइतकी उरलेली नाही. प्रश्न आहे तो कोणती मराठी ऐकली जाते, हा.

या प्रश्नाची कसोटी पाहावयाची तर गाझियाबाद हे योग्य ठिकाण आहे. दिल्लीला लागून असलेल्या या शहराच्या इंदिरापुरम, वैशाली, वसुंधरा यांसारख्या वसाहतींत नोकरीच्या निमित्ताने आलेल्या मराठी कुटुंबातील मूल हिंदी-इंग्रजी शाळेत शिकते. मराठी त्याच्या कानावर घरी पडते, पण ती लिहिण्याचा प्रसंग येत नाही. देवनागरी त्याला हिंदीमुळे येते. अशा मुलाला लेखनअक्षमताही असेल, तर लिखित मराठीकडे जाण्याची बोलून लिहिणे हीच जवळजवळ एकमेव वाट उरते.

त्या वाटेवरील अडचणी भाषिक आहेत. शाळेच्या सवयीने हे मूल 'विज्ञान' मधील 'ज्ञ' चा उच्चार 'ग्य' असा करते. मराठीत तो 'द्न्य' च्या जवळ जातो. 'ळ' च्या जागी त्याच्या तोंडी अनेकदा 'ल' येतो आणि 'काळ' व 'काल', 'मूळ' व 'मूल' यांतील भेद केवळ संदर्भावर सोडावा लागतो. प्रणालीत 'हिंदी' निवडावी तर मराठी प्रत्यय मोडतात. 'मराठी' निवडावी तर मधले हिंदी शब्द विपरीत होतात. एकाच वाक्यात दोन भाषा नांदतात, ही बहुभाषी शहरातील वस्तुस्थिती यंत्राच्या भाषानिवडीत पुरेशी बसत नाही.

उच्चार प्रमाण असला तरी अडचण संपत नाही. 'दिन' आणि 'दीन', 'शिर' आणि 'शीर' यांतील ऱ्हस्वदीर्घभेद मराठी उच्चारात ऐकू येत नाही. आपण 'केलं' बोलतो आणि औपचारिक लेखनात 'केले' लिहितो. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांनी बोलण्यातील हे रूप संवादापुरते मान्य केले. मग विद्यार्थी 'केलं' म्हणाला, तर यंत्राने काय लिहावे? ऐकले ते लिहिल्यास परीक्षक गुण कापील. 'केले' लिहिल्यास यंत्राने विद्यार्थ्याच्या वतीने शुद्धलेखन केले, असा आक्षेप येईल. मानवी लेखनिकापुढेही हा पेच असतोच, पण तेथे विद्यार्थी त्याला सूचना देऊ शकतो. म्हणून जेथे आशयाची परीक्षा आहे तेथे लेखनरूपाला गुण नसावेत, हे मंडळांनी स्पष्टपणे ठरवणे आवश्यक आहे.

४

या प्रणालींचे मूल्यमापन सहसा चुकलेल्या शब्दांच्या प्रमाणावर होते. हा निकष अपुरा आहे. त्यात प्रत्येक शब्दाचे वजन सारखे धरले जाते. उत्तरातला 'आणि' गळला काय अन् 'नाही' गळला काय, हिशेब एकच. विद्यार्थ्याच्या दृष्टीने दुसऱ्या चुकीने उत्तर उलटे होते. शिवाय यंत्राची चूक बहुधा शुद्ध लिहिलेला चुकीचा शब्द असते आणि वाचनात अडचण असणाऱ्या विद्यार्थ्याला नेमकी तीच दिसत नाही. अशा विद्यार्थ्याला लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवणारी सोयही सोबत दिली पाहिजे. अन्यथा आपल्या नावावर काय जमा झाले, हे त्याला कळणार नाही. मुलांचे आवाज प्रौढांहून वेगळे असतात. मेंदूच्या पक्षाघातासारख्या कारणांनी ज्यांचे उच्चार अस्पष्ट आहेत, त्यांना तर हे साधन सर्वांत कमी ओळखते. त्यांच्यासाठी मानवी लेखनिकाची तरतूद कायम राहिली पाहिजे. यंत्र आले म्हणून माणूस काढून घेणे, हा सुधारणेच्या नावाखाली केलेला संकोच ठरेल.

मराठी अध्यासनांना या विषयात करण्यासारखे काम आहे. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलांच्या मराठीचे, त्यांच्या व पालकांच्या संमतीने, ध्वनिसंकलन व्हावे. त्यात अडखळत बोलणाऱ्यांचे आवाजही असावेत. आणि जसे बोलले तसे व प्रमाणरूपात अशी दोन्ही लिप्यंतरे सिद्ध व्हावीत. हे काम अभियंत्याचे जितके, तितकेच भाषाभ्यासकाचे आहे, कारण कोणता उच्चार 'चूक' आणि कोणता 'भेद', हा निर्णय मुळात भाषेचा आहे. जुन्या 'लेखकु' ने वक्त्याचे शब्द आदराने उतरवले होते. गाझियाबादेतील एखाद्या मुलाचे मोडके, हिंदीमिश्रित, पण त्याचे स्वतःचे वाक्य जेव्हा न बदलता कागदावर येईल, तेव्हाच यंत्राला लेखनिक हे नाव शोभेल.