एका टोल्याचा जमाखर्च

सोनाळ्यात बसून गोल्फच्या पुस्तकांवर लिहिणं म्हणजे विहीर न पाहिलेल्यानं पोहण्यावर बोलणं, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. सातपुड्याच्या पायथ्याच्या या गावात गोल्फचं मैदान नाही, हे खरं. पण उलंगवाडी झाली, पऱ्हाट्या उपटल्या, की मोकळ्या वावरांना तोटा नाही. आमच्या शाखेत बदलून आलेल्या साहेबांनी पुण्याहून एक लांबलचक पिशवी आणली. शिपायाला वाटलं, बंदूक. आत निघाल्या सात काठ्या. नियमानं चौदापर्यंत चालतात. पण साहेबांचा संसार आटोपशीर.

साहेबांची निवृत्ती दीड वर्षावर आलेली. त्यानंतर पुण्याच्या जुन्या मित्रांबरोबर खेळायचं आणि या खेपेला हसं होऊ द्यायचं नाही, एवढाच त्यांचा ध्यास. मागच्या खेपेला अठरा भोकांना त्यांना ११९ टोले लागले होते. म्हणून तीन पुस्तकं मागवली. बी.कॉम. माणसाला आकडे लिहिता येतात, या समजुतीनं मलाही रविवारी सोबत घेतलं. पुस्तकं मी वाचली ती अशी, धुऱ्यावर बसून.

पहिलं बेन होगनचं ‘फाइव्ह लेसन्स’, १९५७ सालचं. होगन १९४९ साली मोटार-अपघातात मरता मरता वाचला आणि १९५० साली यू. एस. ओपन जिंकून बसला. अशा माणसाशी वाद कोण घालणार? सामान्य माणूससुद्धा ऐंशीच्या आत येईल, असा त्याचा दावा. चेंडूपासून खांद्यांपर्यंत एक तिरकी काच आहे आणि आपलं डोकं तिच्यातून वर आलंय, अशी कल्पना करायची. साहेबांनी केली. मग महिनाभर ते काच फुटू नये अशा बेतानं मारत होते. दोष होगनचा नाही. रोज तासन्‌तास राबणाऱ्याचं ते शास्त्र. आपण ते रविवारच्या तासाभरात कोंबतो.

दुसरं हार्वी पेनिकचं ‘लिटल रेड बुक’. टेक्सासच्या या शिक्षकानं आयुष्यभर वहीत टिपणं केली, ती १९९२ साली, त्याच्या ८७ व्या वर्षी छापली. त्याचा एक इशारा लाखमोलाचा: मी ॲस्पिरिन घ्या म्हटलं, तर अख्खी बाटली रिचवू नका. साहेबांनी नेमकी बाटली रिचवली. हलकी पकड, स्थिर डोकं, सैल खांदे, सगळं एकाच टोल्यात. धुऱ्यावरचे एक आजोबा बराच वेळ पाहत होते. शेवटी म्हणाले, “काय जी साहेब, चेंडूले मारून राह्यले का त्याले इचारून राह्यले?” पेनिकवरचं इतकं नेमकं भाष्य मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

तिसरं मार्क ब्रोडीचं ‘एव्हरी शॉट काउंट्स’, २०१४ चं. हा कोलंबिया विद्यापीठातला बिझनेसचा प्राध्यापक, म्हणजे आमच्या जातकुळीचा. जुना समज असा की ७२ टोल्यांच्या हिशेबात ३६ भोकाजवळचे धरलेले असतात, तेव्हा निम्मा खेळ तिथेच. ब्रोडीनं लाखो टोल्यांची नोंद तपासून सांगितलं: चांगल्या आणि बेताच्या खेळाडूंतला सुमारे दोन तृतीयांश फरक शंभर यार्डांपलीकडच्या टोल्यांत पडतो. मला हे चटकन पटलं. दिवसात निम्मी व्हाउचरं शंभर-दोनशेची असतात, म्हणून तूट तिथेच आहे असं कोणता हिशेबतपासनीस म्हणेल? वीतभरावरून ढकललेला चेंडू एक आणि दोनशे यार्डांवरचा टोलाही एकच. व्हाउचर सारखं, रक्कम वेगळी. मात्र तूट कुठे आहे हे सांगणारा ती भरून देत नसतो. इथे ब्रोडीही आम्हा कारकुनांसारखाच.

तेव्हा तिन्ही पुस्तकांतून आम्ही चारच कलमं ठेवली. एका दिवशी एकच सुधारणा. काठीची खरी मजल पावलांनी मोजायची (साहेबांची सात नंबरची काठी समजुतीत दीडशे यार्ड जायची, वावरात एकशे पंधरा), आणि शंका आली की एक नंबर मोठी घ्यायची. चेंडू हरवेल त्या बाजूला बघायचंसुद्धा नाही. कारण दंडाचा टोला पडतोच, वर परत मागे जाऊन मारावं लागतं. आणि लांबून ढकलताना भोकात घालायचा हट्ट सोडून जवळ न्यायचा. भोक सव्वाचार इंचांचं. आमच्या काळ्या मातीतली उन्हाळ्यातली भेग याहून उदार असते.

साहेब निवृत्त झाले, पुण्याला गेले. महिन्यानं फोन आला. आवाज दबका.

“एकशे सात.”

होगननं कपाळाला हात लावला असता.

“कुणी हसलं का?” मी विचारलं.

“नाही हो. एकानं विचारलं, कुठे शिकलात? म्हटलं, सोनाळा.”

मी कॅल्क्युलेटर ओढला. ११९ चे १०७, म्हणजे दहा टक्के फायदा. आमच्या बँकेत मुदतठेवीवरही इतका मिळत नाही.