शाब्दिक उदाहरण : रीत आणि वाचन

अंकगणितातील प्रश्नास 'उदाहरण' म्हणण्याची रूढी मराठी शाळांत जुनी आहे. हा शब्द निरुपद्रवी वाटतो. परंतु एक संपूर्ण अध्यापनदृष्टी त्यात साठविलेली आहे. उदाहरण हे नेहमी कशाचे तरी उदाहरण असते. आधी नियम सांगावयाचा, मग त्याचा दाखला द्यावयाचा, हा त्यातील क्रम होय. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'ची (शके १०७२, इ. स. ११५०) मांडणीही अशीच आहे : प्रथम सूत्र आणि त्यावर लगेच उद्देशक. या क्रमात मूलतः दोष नाही. परंतु शालेय पुस्तकांत त्याचे जे रूप झाले ते तपासून पाहण्याजोगे आहे. 'वजाबाकी' या प्रकरणाखाली दहा शाब्दिक उदाहरणे असतात आणि ती दहाही वजाबाकीचीच असतात. मुलास ती वाचण्याचे कारणच उरत नाही. प्रकरणाचे नाव आणि उदाहरणातील दोन संख्या एवढ्यावर त्याचे काम भागते. पुढे परीक्षेत प्रकरणाचे नाव नाहीसे होते, आणि मग वर्गात तो सुपरिचित प्रश्न ऐकू येतो : 'बाई, यात अधिक करायचे की वजा?' हा प्रश्न सामान्यतः अज्ञानाचे लक्षण समजला जातो. वस्तुतः तो मिळालेल्या शिकवणीचे अगदी चोख फळ आहे.

शाब्दिक उदाहरणांपुढे मुलाचा धीर सुटतो याचे कारण त्याचे गणित कच्चे असणे हे असते, असे मानण्याची प्रवृत्ती आहे. ती मान्य केली तर उपाय सोपा होतो : अधिक सराव. परंतु प्रश्नातील मजकूर वाचून समजून घ्यावयाचा असतो, ही गोष्टच मुलास कोणी गंभीरपणे सांगितलेली नसेल, तर सरावाने न वाचण्याची सवयच दृढ होते. ही सवय वाढविणारी सर्वांत लोकप्रिय युक्ती म्हणजे खुणेच्या शब्दांची. 'एकूण', 'मिळून' आले की बेरीज. 'उरले', 'शिल्लक', 'फरक' आले की वजाबाकी. 'पट' आले की गुणाकार. मार्गदर्शिकांतून असे तक्ते हौसेने छापले जातात. त्यांचा लाभ पहिल्या काही उदाहरणांत दिसतो, म्हणूनच ते टिकून आहेत. पुढील प्रश्न पाहावा : एका आंबेवाल्याने सकाळी काही आंबे विकले, दुपारी १८ विकले, दिवसभरात एकूण ४३ आंबे विकले गेले, सकाळी किती? येथे 'एकूण' आहे आणि वजाबाकी करावयाची आहे. 'प्रत्येकी' या शब्दाचे तर दोन्हीकडे बस्तान आहे. ६ मुलांस प्रत्येकी ४ वह्या दिल्या तर गुणाकार. २४ वह्या ६ मुलांत सारख्या वाटल्या, प्रत्येकी किती, तर भागाकार. 'सुमतीजवळ कमलपेक्षा ७ फुले जास्त आहेत. सुमतीजवळ १९ फुले असतील तर कमलजवळ किती?' या वाक्यात 'जास्त' हा शब्द मुलास थेट चुकीच्या दारी नेऊन सोडतो. लुईस व मेयर यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा उलट्या शब्दयोजनेच्या प्रश्नांत महाविद्यालयीन विद्यार्थीही अधिक चुकतात असे आढळले. तेव्हा हा दोष केवळ बालबुद्धीचा नव्हे.

यात मराठी वाक्यरचनेचाही वाटा आहे आणि त्याकडे गणिताच्या अध्यापकांचे लक्ष क्वचितच जाते. 'काल आणलेल्या ५ डझन केळ्यांपैकी शेजाऱ्यांस दिलेली १२ केळी वगळता उरलेली केळी ४ मुलांत सारखी वाटल्यास प्रत्येकास किती मिळतील?' असे वाक्य पाठ्यपुस्तकी गद्यात सहज आढळण्यासारखे आहे. यात चार घटना आहेत. त्यांपैकी तीन 'आणलेल्या', 'दिलेली', 'उरलेली' अशा धातुसाधित विशेषणांत गुंडाळलेल्या आहेत. हेच तोडून लिहिले की 'काल ५ डझन केळी आणली. त्यांतली १२ शेजारी दिली. बाकीची ४ मुलांत सारखी वाटली' असे होते आणि साठांतून बारा वजा जाऊन अठ्ठेचाळीसचे चार भाग करावयाचे, हे मुलास आपोआप दिसू लागते. गणित तेच राहिले, बदलले ते गद्य. अर्थात सर्व उदाहरणे अशी सोपी करून द्यावीत असा याचा अर्थ नाही. गुंडाळलेले वाक्य उलगडणे हा मराठीच्या तासाचाही विषय आहे; परंतु शाळेच्या वेळापत्रकात तो दोन्ही तासांच्या मधल्या सुटीत हरवला आहे.

न वाचता सोडविण्याची सवय किती खोल जाते हे १९७९-८० च्या सुमारास फ्रान्समधील ग्रनोब्ल येथे गणिताध्यापनाच्या संशोधनसंस्थेने दाखवून दिले. प्राथमिक शाळेतील मुलांपुढे प्रश्न ठेवला : एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, कप्तानाचे वय किती? ९७ मुलांपैकी ७६ जणांनी दिलेल्या संख्यांवर काही ना काही क्रिया करून वय सांगितले. या आकड्यांवरून मुलांना हसणे हा उथळपणा होईल. शाळेत विचारलेल्या प्रश्नास उत्तर असतेच, दिलेल्या सर्व संख्या वापरावयाच्या असतात आणि शंका घ्यावयाची नसते, हा अलिखित करार त्यांनी प्रामाणिकपणे पाळला होता. अमेरिकेतील राष्ट्रीय शैक्षणिक मूल्यमापनात तेरा वर्षांच्या मुलांना विचारलेला आणि १९८३ साली चर्चिला गेलेला प्रश्न याहून अधिक बोधक आहे. एका लष्करी बसमध्ये ३६ शिपाई बसतात. ११२८ शिपायांस न्यावयाचे असल्यास किती बसगाड्या लागतील? सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार बिनचूक केला. परंतु २९ टक्क्यांनी '३१, बाकी १२' असे उत्तर लिहिले, १८ टक्क्यांनी '३१' लिहिले आणि केवळ २३ टक्क्यांनी '३२' लिहिले. येथे आपल्याकडील 'ताळा' लावून पाहावा : ३१ गुणिले ३६ म्हणजे १११६, अधिक १२, बरोबर ११२८. ताळा जमला! आणि तरीही बारा शिपाई रस्त्यावर उभे आहेत. ताळा हा क्रियेचा होतो, अर्थाचा होत नाही. आणि शाळेत अर्थाच्या ताळ्यास नावही नाही.

यावर परंपरेकडे वळावे तर तेथे दोन परस्परविरुद्ध गोष्टी सापडतात. 'लीलावती'त त्रैराशिकाची थोरवी सांगितलेली आहे. परंतु त्याच ग्रंथात व्यस्त त्रैराशिकाची स्थळेही निर्दिष्ट केलेली आहेत : प्राण्यांचे वय व मोल, सोन्याचा कस व वजन, राशींची मापे. म्हणजे राशी सरळ वाढतात की उलट, हे प्रश्नाच्या शब्दांवरून ठरत नसून वस्तूच्या स्वभावावरून ठरते, हे आचार्यांस पूर्ण अवगत होते. मात्र तेथेच सोळा वर्षांच्या स्त्रीचे मोल ३२ असल्यास वीस वर्षांच्या स्त्रीचे किती, असे उदाहरण येते आणि उत्तर २५ पूर्णांक ३ पंचमांश निघते. गणित निर्दोष आहे. त्यामागे गृहीत धरलेला बाजार आजच्या वाचकास असह्य आहे, आणि वयाशी मोल नेमके त्या प्रमाणात उतरते हे गृहीतही कोणी तपासलेले नाही. प्रत्येक शाब्दिक उदाहरणात असे एक न बोललेले गृहीत असते. '६ मजूर १० दिवसांत भिंत बांधतात' या परिचित उदाहरणातही ते आहे. ६०० मजूर ती भिंत दिवसाच्या दहाव्या भागात बांधतील असे उत्तर लिहिणाऱ्या मुलास कोणीतरी थांबवून विचारले पाहिजे की ते सर्व उभे कोठे राहतील.

परंतु 'लीलावती'ची खरी देणगी, निदान या विषयापुरती, इष्टकर्माची आहे. भुंग्यांच्या थव्याचे उदाहरण प्रसिद्धच आहे : थव्याचा पाचवा भाग एका फुलावर, तिसरा भाग दुसऱ्यावर, या दोहोंतील अंतराच्या तिप्पट तिसऱ्या फुलावर, आणि एक भुंगा मध्येच घुटमळत राहिला. ज्यास रीत ठाऊक नाही अशा मुलाने येथे काय करावे? एखादी सोयीची संख्या मानावी. समजा भुंगे ३० होते. मग ६, १० आणि अंतर ४ चे तिप्पट १२, मिळून २८, उरले २. प्रश्नात उरला आहे १. तेव्हा थवा निम्मा, म्हणजे १५ चा. या पद्धतीत मुलास पहिले पाऊल कोणाची परवानगी न मागता टाकता येते. आणि मानलेली संख्या कथेत घालून चालवून पाहावी लागत असल्यामुळे कथा वाचल्यावाचून गत्यंतर राहत नाही. चूक येथे लाजिरवाणी नसून तीच पुढील वाट दाखविते. सर्व प्रश्न अशा प्रमाणाने सुटत नाहीत, हे खरे. आंबेवाल्याच्या उदाहरणात मानलेल्या संख्येचे त्रैराशिक मांडता येणार नाही. तेथेही मानून पाहण्याने प्रश्न समजतो, आणि तेवढे पुष्कळ आहे. हे प्रकरण शालेय अंकगणितातून मागे पडले, ही हानी झाली.

जॉर्ज पोल्या यांच्या 'हाऊ टु सॉल्व्ह इट' (१९४५) या ग्रंथाचे भाग्य विचित्र ठरले. प्रश्न समजून घेणे, योजना आखणे, ती पार पाडणे आणि मागे वळून पाहणे या चार अवस्थांचा सर्वत्र उद्घोष झाला. परंतु त्या ग्रंथाचा प्राण अवस्थांत नसून शिक्षकाने विचारावयाच्या प्रश्नांत आहे. आणि ते प्रश्न विद्यार्थ्याच्या स्वतःच्या मनात उद्भवू शकतील असे असावेत, ही पोल्यांची अट होती. ती अट गळाली आणि 'दिलेले, विचारलेले, कृती, उत्तर' असे चार रकाने तेवढे उरले. सिंगापूरच्या शाळांत १९८० च्या दशकापासून रूढ झालेल्या पट्ट्यांच्या आकृतीचीही हीच गत होण्याचा संभव आहे. सुमती व कमल यांच्या फुलांच्या दोन पट्ट्या काढल्या की 'जास्त' या शब्दाची भूल उतरते, हे निश्चित. परंतु क्रिया आधी ठरवून आकृती शोभेसाठी काढली जाऊ लागली तर तीही रकानाच होय.

'जीवनाशी निगडित' उदाहरणांचा आग्रह धरणारे अभ्यासक ब्राझीलमधील रेसिफे येथील कॅराहर, कॅराहर व श्लीमान यांच्या १९८५ च्या अभ्यासाचा हवाला देतात. तेथे बाजारात माल विकणाऱ्या पाच मुलांनी प्रत्यक्ष व्यवहारात ९८.२ टक्के हिशेब बरोबर केले; तेच हिशेब नंतर शाब्दिक उदाहरणांच्या रूपाने दिले तेव्हा ७३.७ टक्के आणि नुसत्या आकड्यांच्या रूपाने दिले तेव्हा ३६.८ टक्के बरोबर आले. पाच मुलांवरून दशांशचिन्हापर्यंतची टक्केवारी काढणे जरा अतिरेकाचे आहे. तथापि मधला आकडा विशेष लक्षात घेतला पाहिजे, कारण हवाला देणारे तो बहुधा वगळतात. शाब्दिक उदाहरण नुसत्या आकडेमोडीपेक्षा त्या मुलांस सोपे गेले. अर्थ हा अडथळा नव्हता, आधार होता. कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयीचा २०२५ साली 'नेचर'मध्ये आलेला अभ्यासही बाजारातील कौशल्य शाळेत पोहोचत नाही आणि शाळेतील बाजारात पोहोचत नाही, असेच सांगतो. पुस्तकात भाजीवाला आणला म्हणून ही दरी बुजत नाही. तो भाजीवाला कागदी असतो आणि त्याच्याशी घासाघीस करता येत नाही.

वर्गात काय करता येईल, याची दिशा यावरून स्पष्ट होते. उदाहरणातील संख्या झाकून ते प्रथम मोठ्याने वाचावे आणि काय घडले ते मुलाने आपल्या बोलीत सांगावे. उत्तर साधारण केवढे येईल, शंभराच्या आत की बाहेर, हे क्रियेपूर्वी ठरवावे. १२ गुणिले ४ देऊन त्यावर गोष्ट रचावयास सांगावी. ज्या मुलाने स्वतः चार उदाहरणे रचली आहेत त्यास उदाहरणाचे भय वाटेनासे होते, कारण ते माणसांनी रचलेले असते हे त्यास कळून चुकते. मिश्र प्रकरणे द्यावीत, आणि अधूनमधून उत्तरच नसलेला प्रश्नही द्यावा.

अडचण उरते ती परीक्षकाची. पायरीनिहाय गुण देण्याच्या पद्धतीत '३१, बाकी १२' लिहिणाऱ्याची भागाकाराची मांडणी स्वच्छ असल्यामुळे त्याच्या पदरात बहुतेक गुण पडतात. केवळ '३२' लिहिणाऱ्या मुलीस मात्र 'कृती कोठे?' असा शेरा मिळतो. वास्तविक तिने भागाकार मनात केलेला असतो आणि उरलेल्या बारा शिपायांसाठी गाडीही मागविलेली असते.